घरची छपाई, नागपूरची हवा

नागपुरात फोटो प्रिंटरचा खरा वैरी मे महिना. २०१३ च्या मेमध्ये इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एरवीही ४५ ला कोणी बातमी म्हणत नाही. बाहेर कोरड्या झळा, आत कूलरची ओली हवा, आणि या दोहोंच्या मधे टेबलावर प्रिंटर. दुकानदार किंमत सांगतो, शाईच्या बाटल्या दाखवतो, वॉरंटीचं कार्ड भरून देतो. हवेबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून आधी तिचंच बोलू.

इंकजेटची शाई म्हणजे बहुतांशी पाणी. केसाहून बारीक छिद्रांतून ती कागदावर उडवली जाते. एपसनच्या एल८०५ या फोटो प्रिंटरचा सर्वांत लहान थेंब १.५ पिकोलिटरचा, म्हणजे एका लिटरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले दीड. एवढ्याशा छिद्राच्या तोंडाशी शाई सुकायला विदर्भातला उन्हाळा पुरेसा आहे. लेकीकडे पुण्याला महिनाभर राहून यावं, हौसेने नातवाचा फोटो छापायला घ्यावा, तर आकाशात पांढऱ्या रेघा आणि नातवाचा चेहरा हिरवट! हिरवट अशासाठी, की किरमिजी रंगाची छिद्रं बुजलेली असतात.

छिद्रातून थेंब उडवायच्या दोन तऱ्हा आहेत. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्यातून ‘बबल जेट’ची कल्पना निघाली. शाई क्षणभर तापवायची, बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅनन आणि एचपी याच वाटेने गेले. एपसनने उष्णता टाळली. वीज दिली की किंचित वाकणारा पिएझो स्फटिक तिथे शाईला धक्का देतो. छिद्रं मात्र दोन्हींची सुकतात.

उपाय साधा आहे, पण पाळणारे थोडे. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबलं की आतला हेड सरकत उजव्या कोपऱ्यात जातो आणि रबरी टोपीखाली बसतो. खट्ट असा बारीक आवाज येतो. स्विच खाडकन बंद केला, किंवा छपाई चालू असताना लाइट गेली, तर हेड वाटेतच उघडा राहतो. दुपारभर तसाच राहिला की संपलं. म्हणून उन्हाळ्यात प्रिंटर लहानशा यूपीएसवर असलेला बरा. शिवाय आठवड्यातून एकदा सगळे रंग लागतील असं एखादं पान छापायचंच. रेघा आल्या तर आधी नोझल चेक. हेड क्लीनिंग दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर यंत्र काही तास निवांत सोडायचं. चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबणाऱ्याची महागडी शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजात जाते, आणि तो स्पंज भरला की लाल दिवे लुकलुकायला लागतात.

कूलरचं उलटं. त्याच्या झोतासमोर फोटो पेपरची थप्पी ठेवली तर कडा वाकतात आणि रोलर दोन कागद एकदम ओढतो. पावसाळ्यात छापलेली प्रत वाळायला वेळ घेते. गडबडीने एकावर एक ठेवल्या तर चिकटतात. पेपर त्याच्या पिशवीत, पिशवी कपाटात. एवढं केलं तरी पुष्कळ.

आता पैशाचं. एल८०५ मध्ये सहा रंग असतात. काळा, निळा, किरमिजी, पिवळा हे चार आणि फिका निळा, फिका किरमिजी हे जास्तीचे दोन. चेहऱ्यावरच्या हलक्या छटा या शेवटच्या दोघांमुळे गुळगुळीत येतात. कॅननच्या जी५७० मध्येही सहा बाटल्या, पण तिथे लाल आणि राखाडी. ऑफिसची कागदपत्रं छापणारा चाररंगी टँक प्रिंटर फोटो छापतो खरा, पण गालावर बारीक रवाळ ठिपके दिसतात. बाटल्यांच्या एका संचात ४ बाय ६ चे १,८०० फोटो निघतात असा एल८०५ बद्दल कंपनीचा दावा आहे. दावा अर्धा धरला तरी शाई फोटोमागे फार पडत नाही. खर्च कागदाचा असतो, आणि त्याहून जास्त न वापरलेल्या यंत्राचा. माझं स्पष्ट मत असं, की महिन्याला पाच-दहा फोटोच छापणाऱ्या घराने टँकचा प्रिंटर घेऊ नये. लॅबमधली प्रत खऱ्या फोटोग्राफिक पेपरवर येते, स्वस्त पडते आणि वर्षानुवर्षं टिकते.

मधला एक मार्ग आहे, कॅननच्या सेल्फीसारख्या डाय-सब्लिमेशन प्रिंटरचा. त्यात ओली शाईच नसते, त्यामुळे मे महिन्याची फिकीर नाही. रिबनवरचा रंग उष्णतेने कागदात उतरतो. कागद चार वेळा आत-बाहेर करतो. आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर. पाऊण मिनिटात हातात कोरडा फोटो. पॅकमध्ये १०८ कागद आणि ३६ प्रतींच्या तीन रिबन; कागद संपला की रिबनही संपते, हिशेब चोख. प्रत लॅबपेक्षा महाग पडते, आकारही पोस्टकार्डाएवढाच. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेली मंडळी पान-सुपारी घेईपर्यंत त्यांचा फोटो छापून हाती देता येतो. तान्ह्या पोळ्याला धोतर-फेटा बांधून लाकडी बैल ओढत दारी येणारी पोरं तर फोटो मिळाला की बोजाऱ्याचे पैसे विसरतात.

टँकच्या प्रिंटरवर पहिला फोटो छापला की बहुतेक घरांत एकच तक्रार येते. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, “काहून बाबू, इतका अंधार काहून दिसून राहिला? भरदुपारी काढला होता ना!” मोबाइलचा पडदा स्वतः उजळलेला असतो, कागद खोलीतल्या उजेडावर जगतो. पडद्याची ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पाहावा, मग लागेल तेवढा उजळावा. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार नीट निवडणं तेवढंच महत्त्वाचं. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन पेपर’ ठेवलं तर शाईचा हिशेब चुकतो आणि रंग मळकट येतात. बाकी पिक्सेलची चिंता लोक उगाच करतात. इंचाला ३०० ठिपके धरले तर ४ बाय ६ ला १,२०० बाय १,८०० पिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटोही त्या आकारात बहुधा चालून जातो. ए-फोरला मात्र मूळ फाइल मागवावी. पासपोर्ट आकाराचे, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका ४ बाय ६ कागदावर बसतात. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या धांदलीत प्रिंटरचं सगळ्यात जास्त कौतुक होतं ते याच कामासाठी.

टिकण्याचा प्रश्न उरतो. २००० साली एपसनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांवर, कंपनीच्याच चकचकीत कागदावर छापलेले काही फोटो थोड्याच दिवसांत नारिंगी पडले. हवेतल्या ओझोनने निळा रंग खाल्ला होता. तेव्हापासून शाई आणि कागद दोन्ही सुधारले, तरी डाय शाईचा फोटो उघड्यावर, उन्हात लावू नये. काचेमागे किंवा अल्बमच्या खिशात तो कितीतरी जास्त टिकतो. बाजारातल्या स्वस्त बाटल्या भरणाऱ्यांनी टिकाऊपणाची अपेक्षाच ठेवू नये.

पाण्याचं गणित निराळं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. अशा पाण्यात फ्रीज, सोफे जातात तसे अल्बमही जातात. जुन्या लॅबच्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. तो भिजून फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला कायमचा चिकटतो. म्हणून भिजलेला अल्बम उन्हात टाकू नये. फोटो ओले असतानाच हलक्या हाताने सुटे करावेत, स्वच्छ गार पाण्यातून काढावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. एका दिवसात उरकण्यासारखं नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात. डाय शाईने साध्या कागदावर छापलेलं चित्र मात्र पाण्यात विरघळून जातं. त्याला उपाय नाही, फाइल असेल तर पुन्हा छापायचं.

इथे घरचा प्रिंटर खरा कामाला येतो. साडेतीन बाय पाच इंचाचा आजीचा जुना फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर २,१०० बाय ३,००० पिक्सेलची फाइल मिळते, ए-फोरला जवळपास पुरेल एवढी. डाग, ओरखडे सवडीने काढता येतात, आणि एकाच्या चार प्रती करून चार भावंडांच्या चार घरी देता येतात. त्यातलं एखादं घर तरी दुसऱ्या मजल्यावर असतंच.