अंधारात दिसणारा लाल

ट्रकचा पाटा मोडला की भंगारात जातो आणि भंगारातून लोहाराच्या भट्टीत येतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही आठवडी बाजारात कोयता हातात घेऊन 'कशाचा आहे?' असं विचारा, उत्तर ठरलेलं असतं: पाट्याचा. गिऱ्हाइकाला तेवढी हमी पुरते, आणि ती खरीही असते. गाडीच्या कमानीतलं हे पोलाद खड्ड्यांचे दणके सोसण्यासाठी घडवलेलं असतं. त्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.65 टक्के असतो, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. बांधकामाच्या सळईत हाच कार्बन 0.3 टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो, कारण सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये. म्हणून सळईचा चाकू दिसायला झकास होतो, पण दोन कांदे कापले की त्याची धार बसते. पहिला चाकू करायला निघालेला हौशी माणूस मात्र बहुतेक वेळा सळईच घेऊन येतो. घराच्या गच्चीवर ती फुकट पडलेली असते ना!

असे हौशी आता बरेच दिसतात. 2015 साली अमेरिकेत 'फोर्ज्ड इन फायर' ही पाती घडवण्याच्या स्पर्धेची टीव्ही मालिका सुरू झाली, पुढे मोबाईलवर व्हिडिओंचा पूर आला आणि पुण्या-मुंबईची पोरं भट्टी शोधत फिरू लागली. शोधायला फार लांब जावं लागत नाही. सुगीच्या आधी तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबांची पालं पडतात. जमिनीत खोचलेली ऐरण, पायाजवळ छोटी भट्टी आणि चामड्याच्या भात्याच्या जागी आता हाताने फिरवायचा पंखा. नवरा सांडशीत लोखंड धरून बसतो आणि बायको उभी राहून घण घालते. हे दृश्य पाहून शहरातल्या माणसाला नवल वाटतं. मला नवल वाटतं ते दोघांच्या न बोलण्याचं. नवरा लहान हातोडीने जिथे टिचकी मारतो, तिथेच पुढचा घण पडतो. हातोडी ऐरणीवर आडवी टेकली की घण थांबतो.

अशाच एका पालावर आलेला एक तरुण मी पाहत होतो. इंजिनिअरिंग झालेला, कातडी हातमोजे घालून आलेला. लोहाराने पहिल्यांदा उजव्या हातातला मोजा काढायला लावला. मोज्यात हातोड्याचा दांडा फिरतो, आणि दांडा फिरला की हातोड्याची कड लागते. कडेचा एक घाव पात्यावर जी खाच पाडतो ती घालवायला पुढे तासभर कानस चालवावी लागते.

पाट्याला मुळात बाक असतो. तो तापवून सरळ करायचा, छिन्नीने हवी तेवढी पट्टी तोडायची. इथपर्यंत नवख्यालाही जमतं. टोक काढण्याची एक युक्ती लोहार आधीच सांगून टाकतो. पट्टीचा एक कोपरा तिरका तोडून घ्यायचा आणि मगच ठोकायला सुरुवात करायची. नुसती चौकोनी पट्टी ठोकत गेलं तर बाहेरच्या कडा पुढे पळतात, मधला भाग मागे राहतो. ती खाच दुमडून आत गेली की टोकात कायमची चीर बसते.

मग येते धारेची बाजू पातळ करणं, आणि इथे बहुतेकांचा पहिला चाकू बिघडतो. पोलाद दाबलं की ते नाहीसं होत नाही, कुठेतरी सरकतं. धारेची कड ठोकून पातळ केली की ती लांबते. पाठ मात्र जाड आणि होती तेवढीच राहते. परिणामी सरळ पट्टीचं पातं केळ्यासारखं पाठीच्या बाजूला वळतं. नवखा गोंधळतो, उलट बाजूने ठोकून सरळ करू पाहतो, तोवर लोखंड गार झालेलं असतं. जाणता लोहार काय करतो? धार काढण्याआधीच पट्टी मुद्दाम उलट्या बाजूला, म्हणजे धारेकडे, वाकवून ठेवतो. आता ती लांबत जाते तसतशी आपोआप सरळ होते. त्या तरुणाने हे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. 'मामा, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.' मामा काही बोलले नाहीत. मामी घणावर हात टेकून हसल्या.

लोखंड तापलेलं असतानाच घाव घालावा हे आपण उठता-बसता म्हणतो, पण ते किती वेळ तापलेलं राहतं हे कुणी सांगत नाही. पातं पातळ होत आलं की आठ-दहा ठोक्यांत ते काळवंडतं, कारण थंड ऐरणच त्याची उष्णता ओढून घेते. काळवंडल्यावर मारलेला प्रत्येक ठोका आत बारीक तडा टाकू शकतो. उलट टोकाला दुसरा धोका. नारिंगीच्या पुढे पिवळा, पिवळ्यापुढे पांढरट, आणि मग भट्टीतूनच फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागतात. सिनेमात आणि गाण्यांत लोहार म्हटलं की ठिणग्या हव्यातच, पण या ठिणग्या म्हणजे पोलाद जळतंय. ते टोक तोडून टाकण्यावाचून इलाज नसतो.

म्हणजे सगळा खेळ रंगाचा. आणि रंग बघायला अंधार लागतो. पालावर पाठीमागे गोणपाट टांगलेलं असतं, गावातल्या पक्क्या लोहारशाळेत खिडक्या लहान ठेवतात. उन्हात ठेवलेलं तांबडं लोखंड काळंच दिसतं. आपण त्याला गार समजतो आणि ते पुन्हा जास्त तापवून बसतो.

याच अंधाराचा एक जुना दाखला लंडनच्या रॉयल सोसायटीच्या दप्तरात आहे, आणि त्याचा धागा मुंबईशी जुळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी 'वुट्झ' नावाच्या भारतीय पोलादाचे गोळे सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची तपासणी करून 1795 साली निबंध प्रसिद्ध केला. पोलाद मुंबईहून आलं म्हणून ते मुंबईतच बनतं असं निबंधाच्या शीर्षकात छापलं गेलं. प्रत्यक्षात त्याच्या भट्ट्या दक्षिणेत होत्या. बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट या कारागिराने त्यातून एक छोटा चाकू घडवला. कुठल्या आचेवर? फक्त अंधारात दिसेल इतक्याच लालीवर. वुट्झमध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो. असं पोलाद नेहमीच्या पिवळ्या आचेवर ठोकलं तर त्याचा भुगा होतो, आणि युरोपातल्या अनेक लोहारांचा तसा झालाही. स्टोडार्ट हात राखून राहिला, म्हणून त्याचा चाकू झाला आणि उत्तम कापू लागला. पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडेने पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग करून 1820 साली निबंध लिहिला. विजेचा फॅरडे आपल्याला शाळेपासून माहीत असतो. तो लोहाराचा मुलगा होता, हे सांगायचं मात्र राहून जातं.

पात्याला आकार आला म्हणजे काम झालं असं तरुणाला वाटत होतं. वाटणारच, कारण बघण्यासारखं सगळं हातोड्याच्या कामातच असतं. पण तेव्हा हातात असतो तो चाकूच्या आकाराचा लोखंडाचा तुकडा. चाकू होतो तो पाणी दिल्यावर. त्याआधी पातं दोन-तीनदा तापवून राखेजवळ सावकाश गार केलं, म्हणजे ठोकण्याने आत साठलेला ताण निघतो. धारही अजून काढायची नसते, कड नाण्याइतकी जाड ठेवायची. तीक्ष्ण कड पाण्यात गेली तर ती मुरडते, नाहीतर टिकदिशी तडकते.

तरुणाने खिशातून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढलं. तापलेल्या पोलादाला सुमारे 770 अंश सेल्सिअसला चुंबक चिकटेनासं होतं, हे तो वाचून आला होता. पातं भट्टीतून काढलं, चुंबक लोंबकळत राहिलं. 'झालं मामा!' मामांनी पात्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'अजून जरासं, पाव्हणं.' दोघंही बरोबर होते. चुंबक सुटतं तिथे पोलादाचं आतलं बदलणं सुरू झालेलं असतं, पुरं झालेलं नसतं. पाट्याच्या पोलादाला त्याहून पन्नासेक अंश वर न्यावं लागतं. मामांकडे तापमापक नव्हता. गोणपाटाच्या सावलीत चेरीसारखा दिसणारा लाल त्यांच्या ओळखीचा होता.

पाणी मात्र त्यांनी तरुणाला देऊ दिलं नाही, आणि ते योग्यच केलं. हातोड्याची चूक पुढच्या आचेत सुधारते, इथे दोन-तीन सेकंदांत निकाल लागतो. पाट्याला खरं तर तेल मानवतं, साधं पाणी त्याला फार झोंबतं. मामा दोन्हींच्या मधला मार्ग काढतात. पातं सरळ उभं धरून फक्त धारेची कड बादलीत बुडवायची, पाठ वर तापलेली ठेवायची. बाहेर काढलं की विटेच्या तुकड्याने एक बाजू घासून काळा पापुद्रा उडवायचा आणि चकचकीत जागेकडे टक लावून बसायचं. पाठीतली उरलेली ऊब धारेकडे सरकू लागते आणि तिच्यापुढे रंग धावतात. आधी फिकट गवती, मग सोनेरी, तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. गवती रंग साधारण 220 अंशांना उमटतो, निळा 300 च्या आसपास. स्वयंपाकघरातल्या चाकूच्या कडेला गवती पोचला की थांबायचं. ऊस नाहीतर लाकूड तोडायच्या कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचं, नाहीतर गाठीवर आपटून त्याची कड उडते. रंग कडेला लागताच मामांनी सबंध पातं बादलीत घातलं.

मुठीचं काम सोपं असतं. बाभळीच्या दोन फळ्या, दोन रिव्हेट. पण तिथवर जाण्याआधी मामांनी कानस मागितली आणि पात्याच्या कडेवरून टोकाकडून मुठीकडे अलगद ओढली. टोकाला ती काचेवरून सरकावी तशी घसरली. मध्यावरही घसरली. मुठीच्या अलीकडे दोन बोटं जागा होती, तिथे कानस खरखरली आणि बारीक कीस निघाला. तेवढा भाग भट्टीत कडेला राहिला होता, रंगावर आलाच नव्हता.

'तोडायचं का आता?' तरुणाने विचारलं.

'तोडायचं कशाला? परत तापवा, परत पाणी पाजू,' मामा म्हणाले आणि पंख्याचा दांडा त्याच्याकडे सरकवला. 'या टायमाला मुठीकडचा भाग आधी आत घाला. टोक बारीक आहे, ते मागनं आपसूक तापतंय.'