परसांतील पतंगांची पाहणी व तिची नोंदवही

श्रावणी अमावास्येस पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशीं मारबत काढून रोगराई व कीड गांवाबाहेर घालविण्याची आपल्या भागांत चाल आहे. नेमक्या याच सुमारास घरोघरीं दिव्याभोंवतीं पतंगांची झुंबड दिसूं लागते. गृहिणी ताटांत पांखरें पडतात म्हणून दिवा मालविते. घरधनी तीच झुंबड पाहून धानावर कीड आली असें समजतो व दुसऱ्या दिवशीं औषधाच्या दुकानाची वाट धरितो. आमच्या मतें दोघांचेंही चुकतें. दिव्यावर येणारा पतंग हा शेतांतील बातमी आणणारा जासूद आहे. त्यास हांकलूं नये, आणि तो कोण हें न पाहतां त्याच्या बातमीवर विश्वासही ठेवूं नये. परसांत बसून त्याची पाहणी कशी करावी व ती कशी लिहून ठेवावी, हें आम्ही आपल्या अनुभवावरून येथें सांगतों.

आमचें गांव पवनी तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं असून घरामागील वाडीस लागूनच आमच्या धानाच्या बांध्या आहेत. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही शेतीकडे पूर्ण लक्ष देऊं लागलों, त्या पहिल्याच वर्षीं पोळ्याच्या रात्रीं पडवींतील दिव्याखालीं पतंगांचा खच पडला. आम्हीं घाबरून चार दिवसांत सर्व बांध्यांवर औषध फवारलें. पुढें आश्विनांत मधल्या बांध्यांत पीक करपल्यासारखे गोल चट्टे पडूं लागले. बुंध्याशीं वांकून पाहिलें, तों तपकिरी तुडतुड्यांची गर्दी! तुडतुड्यांस खाऊन आटोक्यांत ठेवणारे कोळी अशा फवारणीनें मेले, म्हणजे तुडतुड्यांस रान मोकळें होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या रात्रींच्या पतंगांपैकीं खोडकिड्याचे किती होते, असें कोणीं विचारलें असतें तर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्याची नोकरी गांव नमुना बारांतील पीकपाहणी तपासण्यांत गेली, त्यानें स्वतःच्या शेतांत पाहणीवांचून हुकूम काढावा, याची लाज वाटून पुढील वर्षीं आम्हीं वही घातली.

पतंग दिव्यावर कां येतो?— पतंगास दिव्याचें वेड आहे, असें कवि म्हणतात. परंतु २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत अतिशय जलद चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यानें निराळेंच दिसून आलें. रात्रीं आकाश जमिनीहून उजळ असतें, म्हणून उडणारा कीटक पाठ उजेडाकडे ठेवून आपला तोल सांभाळितो. जवळ दिवा असला म्हणजे तो दिव्याकडे पाठ करूं जातो, तिरपा होतो, आणि घिरट्या घालीत तेथेंच अडकतो.

दुसरी गोष्ट चंद्राची. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन संस्थेंत सी. बी. विल्यम्स यांनीं १९३३ पासून चार वर्षें रोज रात्रीं प्रकाश-सापळा लावून कीटक मोजले. पौर्णिमेच्या सुमारास सापळ्यांत कीटक कमी व अमावास्येच्या सुमारास अधिक सांपडतात, असें त्यांस आढळलें. आपला पोळा अमावास्येस येतो. तेव्हां पोळ्याची झुंबड ही कांहीं अंशीं अंधाराची असते, आणि कोजागरीस दिव्याभोंवतीं दिसणारी सामसूम ही कांहीं अंशीं चांदण्याची असते. पहिलीनें घाबरूं नये व दुसरीनें निर्धास्त होऊं नये. म्हणून नोंदींत तारखेबरोबर तिथि लिहिणें अत्यंत जरूर आहे.

मांडणी.— एक जुनें पांढरें धोतर वाडींत दोन खांबांस ताणून बांधावें व त्याच्या पुढें हातभर अंतरावर पांढऱ्या किंवा निळसर उजेडाचा दिवा टांगावा. पिवळ्या उजेडावर पतंग कमी येतात. दिवे लागणीपासून रात्रीं दहापर्यंत, रोज सारखाच वेळ, दिवा ठेवावा. पावसाचे दिवस असल्यामुळें दिव्यावर व तारेच्या जोडावर आडोसा असावा. ओल्या हातानें बटण दाबूं नये. साप-विंचवाचे दिवस आहेत, म्हणून पायांत जोडे व हातांत बॅटरी असावी. दिव्याखालीं साबणाच्या पाण्याचें घमेलें ठेवण्याचीही रीति आहे. परंतु त्यांत उपयोगी कीटकही मरतात. नुसत्या पाहणीस धोतर पुरे. एखादा पतंग ओळखूं आला नाहीं, तर कांचेच्या बरणीखालीं झांकून त्याचें छायाचित्र घ्यावें व त्यास सोडून द्यावें.

ओळख.— पीक पतंग खात नाहीं, त्याची अळी खाते, हें प्रथम ध्यानांत धरावें. खोडकिड्याची मादी फिकट पिवळी असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एकेक ठसठशीत काळा ठिपका असतो. नर तिच्याहून लहान व करडा-तपकिरी असतो. मादी धानाच्या पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्यानें अंडीं घालते व तीं पिंवळट केंसांनीं झांकते. सुमारें आठवड्यानें अळ्या निघून खोडांत शिरतात. मग रोपाचा गाभा वाळतो. पुढें निसवणीच्या वेळीं हल्ला झाल्यास लोंबी पांढरी व पोचट निघते.

पिंवळसर-तपकिरी पंखांवर गडद नागमोडी रेषा असलेला पतंग पानें गुंडाळणाऱ्या अळीचा होय. नाजूक, पांढरा व फिकट ठिपक्यांचा पतंग सुरळींतील अळीचा. तिच्यासाठीं पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यांत पाडाव्या व बांधींतील पाणी काढून टाकावें. बहुधा तेवढ्यानें काम भागतें. डांसासारखी तांबूस दिसणारी गादमाशी ही पतंग नव्हे. पण तीही दिव्यावर येते, म्हणून तिची नोंद वेगळी करावी.

परसांतील दोन शत्रूंसाठीं मात्र दिव्यावर विसंबूं नये. वांग्याचे शेंडे व फळें पोखरणाऱ्या अळीच्या पतंगासाठीं कामगंध सापळा लावावा. लिंबू-मोसंबीच्या फळांस रात्रीं सोंड खुपसून रस शोषणारा मोठा पतंग झाडावरच बॅटरीनें शोधावा. त्याचे मागील पंख नारिंगी-पिंवळे असून त्यांवर काळा पट्टा असतो. याची अळी गुळवेलीसारख्या वेलींवर वाढते. येथें मात्र नुकसान अळी करीत नाहीं, पतंगच करितो.

क्वचित् धोतरावर बशीएवढा, पंखांवर कांचेसारखे डोळे असलेला पतंग येऊन बसतो. तो टसराचा, म्हणजे आपल्या कोशाचा पतंग. ऐन व अर्जुन या झाडांवर त्याच्या अळ्या जोपासून कोसे काढण्याचा धंदा आपल्या जिल्ह्यांतील ढिवर मंडळी करीत आली आहेत. प्रौढ पतंगास खाण्याजोगें तोंडच नसतें. थोडे दिवस जगून, अंडीं घालून तो मरतो. त्यास मारणें म्हणजे शेजाऱ्याच्या मागावरील कापड फाडणें होय.

वही.— आमच्या वहींत नऊ रकाने आहेत: तारीख, तिथि, आभाळ, पाऊस व वारा, दिवा किती वेळ होता, खोडकिड्याच्या माद्या, खोडकिड्याचे नर, पानें गुंडाळणारे, सुरळीचे, आणि शेरा. इतर पांखरांचें वर्णन शेऱ्यांत येतें. वीज गेली तर ‘दिवा नव्हता’ असें लिहावें, शून्य लिहूं नये. दिवा लावून कांहींच आलें नाहीं, तर मात्र शून्य अवश्य लिहावें. या दोहोंतील फरक ज्यानें राखला नाहीं, त्याची वही दप्तरांत ठेवण्याच्या लायकीची नव्हे.

उपयोग.— वही फवारणीचा हुकूम देत नाहीं. बांधींत केव्हां उतरावें एवढेंच सांगते. दुसऱ्या वर्षीं पोळ्यास पुन्हां झुंबड झाली, पण खोडकिड्याच्या माद्या दोन-चारच निघाल्या. आम्ही स्वस्थ राहिलों. पुढें भाद्रपद शुद्ध पक्षांत सायंकाळचें चांदणें वाढत असतां आंकडा उतरावा, तो लागोपाठ तीन रात्रीं चढला. हें चंद्राचें काम नव्हे, असें समजून आम्हीं सकाळींच बांध्यांत उतरून जागोजाग एक चौरस मीटर जागा आंखून पानें तपासलीं. दर चौरस मीटरास एक अंडीपुंज, अथवा शेंकडा पांच फुटवे गाभा मेलेले, ही उपायाची मर्यादा मानितात. वाडीलगतच्या दोन बांध्यांत ती ओलांडलेली होती, बाकीच्यांत नव्हती. त्या दोहोंतील अंडीपुंजांचीं पानें खुडून नष्ट केलीं व ट्रायकोकार्डें लावलीं. या कार्डांवरील बारीक गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यांतच आपलीं अंडीं घालते. हेक्टरीं पन्नास हजारांचें प्रमाण सांगितलेलें आहे. बाकीच्या बांध्यांस औषधाचा थेंबही लावला नाहीं. कापणीस पांढऱ्या लोंब्या दिसल्या, पण थोड्या. करपलेला चट्टा एकही नव्हता. एका वर्षाच्या अनुभवानें सिद्धांत होत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी पहिल्या वर्षीं खर्च करून नुकसान विकत घेतलें व दुसऱ्या वर्षीं वही लिहून तें टाळलें, एवढें खरें.

हें काम पंडितांचेंच आहे असें कोणीं समजूं नये. हिंदुस्थानांतील पतंगांवर १८९२ ते १८९६ या काळांत चार भागांचा ग्रंथ लिहिणारे जॉर्ज हॅम्प्सन हे प्रथम निलगिरींत चहाचे मळेवाले होते. तेथेंच त्यांस पतंगांचा नाद लागला. आपणांस ग्रंथ लिहावयाचा नाहीं. परंतु मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ सालीं कर्नाटकांत प्रथम आढळली आणि पाहतां पाहतां देशभर पसरली. असा नवा पाहुणा गांवांत आला, तर पूर्वी तो येथें नव्हता हें वहीशिवाय कशावरून सांगणार?

सबब सभासद बंधूंस आमची विनंति आहे कीं, ज्यांची वाडी बांध्यांस लागून आहे त्यांनीं पोळ्यापासून कोजागरीपर्यंत तरी रोज दिवा लावून नोंद ठेवावी. न ओळखलेल्या पतंगाचें चित्र साकोलीच्या कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावें. दिवाळीनंतर दहा गांवच्या वह्या एकत्र मांडतां आल्या, तर खोडकिडा कोणत्या पक्षांत कोठें चढला, हें आपल्यास आपल्याच अक्षरांत वाचावयास मिळेल. मारबत खुशाल काढावी. मात्र त्या रात्रीं घरीं परतल्यावर वहींतील ओळ भरण्यास विसरूं नये.