तीनशेतल्या एकवीस धावा

संयम आणि आक्रमण ह्या फलंदाजीच्या दोन वृत्तींविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात स्वभावचित्रणाचा भाग मोठा आहे. अमुक फलंदाज खडूस, तमुक बेधडक, एक मुंबईच्या मैदानांवर घडलेला, दुसरा मोकळ्याढाकळ्या मुलखातला, अशी वाटणी करून टाकली की लिहिणारा आणि वाचणारा दोघांचेही समाधान होते. खेळाची नोंद ठेवणारी वही ह्या दोन वृत्तींपैकी कोणाला न्याय देते आणि कोणाच्या तोंडाला पाने पुसते, हा प्रश्न मात्र जवळजवळ कोणी हाताळलेला नाही, आणि त्याचा माग काढू लागले तर तो हैदराबाद, पुणे, मुंबई असा फिरत थेट अमेरिकेतील ब्रुकलिनपर्यंत, क्रिकेटमध्ये मुरलेल्या एका इंग्रज वार्ताहराच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोचतो.

नांदेड-लातूरच्या वाचकाच्या पाठीशी ह्या वादात दोन घराणी उभी आहेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड हा निजामाच्या संस्थानातला जिल्हा आणि लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता (लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये), म्हणजे रणजी करंडकाच्या हिशेबात ह्या मुलखाचा संघ हैदराबाद ठरत होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि क्रिकेटपुरता त्याचा संसार पुण्याच्या महाराष्ट्र संघाशी जुळला.

हैदराबादच्या खात्यातला पहिला दाखला १९३७-३८ च्या अंतिम सामन्याचा आहे. नवानगरविरुद्धच्या त्या सामन्यात हैदराबादचा पहिला डाव ११३ धावांत आटोपला होता आणि चौथ्या डावात ३१० धावा हव्या होत्या; त्या ९ गडी गमावून निघाल्या, त्यांत एडलजी ऐबारा ह्या पारशी फलंदाजाच्या नाबाद १३७ धावा होत्या, आणि एका गड्याने करंडक हैदराबादला आला. दुसरा दाखला एम. एल. जयसिंह ह्यांचा, आणि तो अधिक गमतीचा आहे, कारण उंची कापडाचे शर्ट आणि उभी केलेली कॉलर ह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या देखण्या फलंदाजाने जानेवारी १९६० मध्ये कोलकात्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटीच्या पाचही दिवशी फलंदाजी करण्याचा पहिला विक्रम केला तो चौथ्या दिवशी दिवसभरात अवघ्या ५९ धावा जमवून, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कानपूरला पाकिस्तानविरुद्ध आठ तासांहून अधिक वेळ खेळून ९९ वर तो धावचीत झाला. हाच जयसिंह जानेवारी १९६८ मध्ये बदली खेळाडू म्हणून ऐनवेळी ब्रिस्बेनला पोहोचला आणि ७४ व १०१ धावा करून भारताला ३९५ च्या लक्ष्याच्या ३९ धावा जवळ घेऊन गेला. स्वभावाच्या सिद्धान्तात हा माणूस बसत नाही.

महाराष्ट्राच्या खात्यात भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा आहेत. डिसेंबर १९४८ मध्ये, म्हणजे हैदराबाद मुक्तीनंतर तीनच महिन्यांनी, पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्यावर काठियावाडच्या संघाने सामना सोडून देऊन घर गाठले आणि ब्रॅडमनच्या ४५२ चा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावा दूर राहिला, ही हकिगत इतकी सर्वश्रुत आहे की तिच्यावर आणखी शाई खर्चण्याचे कारण नाही. समोरच्याला मैदान सोडायला लावणारी फलंदाजी आक्रमक म्हणावी की चिवट, एवढा एक प्रश्न तिच्यातून पुढे न्यावा.

बेसबॉलमध्ये ह्याच वादाला तत्त्वज्ञानाचे रूप आले, ह्याचे कारण त्या खेळाच्या नियमांत आहे. तेथे चेंडू टाकणाऱ्याला, म्हणजे पिचरला, १७ इंच रुंदीच्या एका पाटीवरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या अदृश्य चौकटीतून चेंडू काढावा लागतो. चौकटीतला चेंडू सोडला किंवा हुकला तर तो ‘स्ट्राइक’ आणि असे तीन झाले की फलंदाज बाद. चौकटीबाहेरचा चेंडू सोडला तर तो ‘बॉल’ आणि असे चार झाले की फलंदाज बॅटही न हलवता पहिल्या तळावर चालत जातो, ज्याला ‘वॉक’ म्हणतात. क्रिकेटमध्ये यष्टीबाहेरचा चेंडू सोडणाऱ्याच्या पदरात त्या क्षणी काहीही पडत नाही, गोलंदाजाची थोडी दमछाक तेवढी होते; बेसबॉलमध्ये सोडण्याचे मोल रोख मिळते. असे असूनही बेसबॉलच्या वहीने ते मोल शंभराहून अधिक वर्षे जमेला धरले नाही.

हा घोटाळा ज्याच्या हातून झाला तो हेन्री चॅडविक १८२४ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथे जन्मला आणि बालवयातच कुटुंबासह ब्रुकलिनला गेला. क्रिकेटचे वार्तांकन करता करता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याला बेसबॉलचे वेड लागले, आणि त्या खेळाचा वर्तमानपत्री धावफलक, त्यातले रकाने आणि सरासरी काढण्याची रीत ह्यांना वळण लावण्यात त्याचा वाटा इतका मोठा होता की त्याला बेसबॉलचा जनक म्हणणारे आजही भेटतात. क्रिकेटच्या वहीत न मारलेल्या चेंडूला स्थान नाही, हा संस्कार घेऊन आलेल्या चॅडविकने वॉकचा अर्थ पिचरची चूक असा लावला. चूक गोलंदाजाची, तर तिचे श्रेय फलंदाजाला का द्यावे, हा त्याचा हिशेब होता, आणि त्यानुसार फलंदाजीच्या सरासरीतून वॉक वगळला गेला. १८८७ च्या एकाच हंगामात वॉकला यशस्वी फटक्याचा दर्जा देऊन पाहण्यात आले, सरासऱ्या एकदम फुगल्या, आणि पुढच्याच वर्षी जुना हिशेब परत आला. चॅडविक १९०८ मध्ये वारला. तो प्रामाणिक आणि कमालीचा कष्टाळू माणूस होता, पण त्याच्या एका रकान्यामुळे फलंदाजांच्या कित्येक पिढ्यांचा संयम बिनपगारी ठरला.

ह्या हिशेबाविरुद्ध मैदानावरून झालेले सर्वांत मोठे बंड बॉस्टनच्या टेड विल्यम्सचे होय. १९४१ मध्ये त्याची सरासरी .४०६ होती, म्हणजे दर हजार अधिकृत संधींमागे ४०६ यशस्वी फटके, आणि त्याच हंगामात तो १४७ वेळा वॉकवर गेला. हा माणूस फारच चेंडू सोडतो, संघाला गरज असते तेव्हा चौकटीला लागून असलेल्या चेंडूवर तरी त्याने हात चालवायला हवा, अशी टीका त्याच्यावर जन्मभर होत राहिली. त्याचे उत्तर त्याच्या फलंदाजीवरील पुस्तकातल्या एका चित्रात आहे: चौकट ७७ चेंडूंनी, आडवे सात आणि उभे अकरा असे भरलेली, आणि प्रत्येक चेंडूवर तेथे आपली सरासरी किती पडेल ह्याचा त्याने स्वतः मांडलेला अंदाज, मध्यभागी .४०० आणि खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. चौकटीबाहेर दोन इंचांवरच्या चेंडूला हात घालणारा फलंदाज पिचरला तेवढी चौकट वाढवून देतो, हा त्यामागचा युक्तिवाद होता, आणि संयमाचा इतका गणिती पुरस्कार क्रिकेटमध्ये कोणी केल्याचे आढळत नाही.

विरुद्ध टोकाला प्वेर्तो रिकोचा रोबेर्तो क्लेमेंते उभा आहे, ज्याने चौकटीची फारशी पर्वा न करता बरोबर ३००० यशस्वी फटके मारले. मानाग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान ३१ डिसेंबर १९७२ रोजी समुद्रात कोसळले. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ज्यांनी पाहिला त्यांना ह्या तपशिलावर भाष्य लागणार नाही. क्लेमेंतेच्या फलंदाजीचे सौंदर्य मान्य करूनही हिशेबाच्या कसोटीवर विल्यम्सच बरोबर ठरतो, आणि ते सिद्ध करणारा कागद ऑगस्ट १९५४ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात छापलेला आहे. पिट्सबर्ग संघाचा व्यवस्थापक ब्रँच रिकी, ज्याने १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला मैदानात आणून गोऱ्यांची मक्तेदारी मोडली होती, त्याने अ‍ॅलन रॉथ ह्या आकडेतज्ज्ञाच्या मदतीने त्या लेखात एक लांबलचक समीकरण मांडले, आणि फलंदाज किती वेळा तळावर पोहोचतो, मग तो फटक्याने असो वा वॉकने, हे जुन्या सरासरीपेक्षा महत्त्वाचे असल्याचे दाखवून दिले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. तळावर पोहोचण्याचे हे प्रमाण अधिकृत आकडेवारीत आले ते १९८४ मध्ये, आणि विल्यम्सचे कारकिर्दीतले .४८२ हे प्रमाण सर्वांत वरचे आहे हे तेव्हा सामान्य प्रेक्षकाच्याही नजरेत भरू लागले. ओकलंडच्या कमी पैशांच्या संघाने २००२ मध्ये ह्याच आकड्याच्या जोरावर १०३ सामने जिंकले, ती कथा चित्रपटामुळे आता घरोघरी ठाऊक आहे.

क्रिकेटला मात्र आपला रिकी मिळाला नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांत विवेक हजारे हे नाव अग्रभागी धरावे लागेल. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना हिंदू आणि ‘द रेस्ट’, म्हणजे प्रामुख्याने ख्रिस्ती व अन्य अल्पसंख्य समाजांतील खेळाडूंचा संघ, ह्यांच्यात झाला. विजय मर्चंटच्या नाबाद २५० धावांच्या बळावर हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला, रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत गुंडाळला, आणि फॉलोऑननंतर दुसऱ्या डावातही पहिले पाच गडी स्वस्तात तंबूत परतले. तेव्हा सांगलीचे विजय हजारे ह्यांच्या साथीला त्यांचा धाकटा भाऊ विवेक आला. सहाव्या गड्यासाठी दोघांनी ३०० धावा जोडल्या, त्यांत विवेकचा वाटा २१ धावांचा होता आणि त्या २१ धावांसाठी तो सुमारे साडेपाच तास उभा होता. संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा विजयच्या झाल्या, आणि इतके होऊनही रेस्टचा संघ एक डाव ६१ धावांनी हरला.

ह्या सामन्याचा जो उल्लेख वारंवार होतो, त्यात ३८७ पैकी ३०९ हा आकडा असतो, मर्चंटच्या २५० असतात, आणि धाकट्या हजारेच्या २१ धावा बहुधा विनोदाच्या अंगाने येतात. वास्तविक विजय हजारे हा स्वतः त्या काळच्या अत्यंत सावध फलंदाजांपैकी एक होता; भावाने एक बाजू लावून धरली म्हणूनच सावध माणसाला आक्रमक होण्याची मुभा मिळाली, आणि ती मुभा कोणी दिली हे सांगणारा रकाना धावफलकात नव्हता. विवेकने सामना वाचवला नाही, हे खरे. पण निम्मा संघ बाद झालेला असताना मर्चंटच्या संघाला साडेपाच तास तिष्ठत ठेवणे ही क्रिकेटमधली वॉकच होती, आणि चॅडविकच्या पिढीकडून वारशाने आलेल्या वहीने ती नेहमीप्रमाणे शून्याच्या आसपास जमा केली. मार्च १९४७ मध्ये हेच विजय हजारे बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात गुल महंमदसह ५७७ धावांची भागीदारी करताना पुन्हा सावध भूमिकेत दिसतात: गुल महंमद ३१९, हजारे २८८.

तो ५७७ चा भारतीय विक्रम जवळजवळ सत्तर वर्षे टिकला आणि मोडला तो महाराष्ट्र संघाने, त्यातही एका मराठवाड्याच्या फलंदाजाच्या साक्षीने. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडे स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध २ बाद ४१ अशा अवस्थेत काळजीवाहू कर्णधार स्वप्नील गुगळे आणि औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, अंकित बावणे एकत्र आले आणि डाव घोषित होईपर्यंत त्यांनी अभेद्य ५९४ धावा केल्या. गुगळे ५२१ चेंडूंत ३५१, बावणे ५०० चेंडूंत २५८. संगकारा आणि जयवर्धने ह्यांचा ६२४ चा विश्वविक्रम ३० धावांवर असताना गुगळेने डाव सोडला, ह्यात निंबाळकरांच्या नऊ धावांची आठवण होणे स्वाभाविक असले तरी निंबाळकरांना प्रतिपक्षाने अडवले आणि गुगळेने स्वतःला, हा फरक लहान नाही.

उत्तरादाखल दिल्लीच्या एकोणीस वर्षांच्या ऋषभ पंतने ३२६ चेंडूंत ३०८ धावा फटकावल्या, म्हणजे गुगळे-बावणे जोडीने १०२१ चेंडूंत मिळून ६०९ केल्या तर ह्या एकट्याने त्याच्या निम्म्याहून अधिक धावा त्याच्या एक तृतीयांशाहून कमी चेंडूंत काढल्या. त्या सामन्यातून उरले ते पंतचे नाव, आणि ते योग्यच आहे. पण दिल्लीचा डाव ५९० वर संपला, महाराष्ट्राला पहिल्या डावातली ४५ धावांची आघाडी मिळाली, आणि अनिर्णित सामन्यात आघाडीवाल्याला तीन व दुसऱ्याला एक गुण ह्या नियमाने तीन गुण पुण्याला गेले. बावणेच्या पाचशे चेंडूंनी दिल्लीकडून जो वेळ काढून घेतला, तो पंतला कितीही वेगाने खेळून परत मिळवता आला नाही.

मराठवाड्याची माती संथ फलंदाज पिकवते, असा निष्कर्ष ह्यावरून कोणी काढू नये. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये नाशिकला आसामविरुद्ध एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकात ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ धावा केल्या होत्या, म्हणजे वेग पंतच्याच तोडीचा, आणि पुढे २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. पट्टा एकच, वृत्ती दोन, आणि जयसिंहाप्रमाणे एकाच माणसातही दोन. परिस्थितीने जे मागितले ते ज्याने ओळखले तो फलंदाज मोठा, एवढे मान्य केले तरी एक अन्याय उरतोच. आक्रमणाचा हिशेब चौकार-षटकारांसह पूर्ण लिहिला जातो. संयमाचा हिशेब आपल्या गुणलेखनाच्या वहीत अजूनही निर्धाव चेंडूच्या एका टिंबावर भागवला जातो, आणि ते टिंब फलंदाजाने चेंडू जाणूनबुजून सोडला, छातीठोकपणे अडवला की सपशेल हुकवला, ह्यात कसलाही भेद करत नाही.

मोठ्या सामन्यांत आता संगणक हा भेद टिपतो. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी स्टेडियमवर, लातूरच्या क्रीडा संकुलात आणि तालुक्या-तालुक्यांच्या शालेय सामन्यांत जे गुणलेखक पेन्सिल घेऊन बसतात, त्यांना एवढीच विनंती आहे की साध्या टिंबाऐवजी सोडलेल्या चेंडूला एक, अडवलेल्याला दुसरी आणि हुकलेल्याला तिसरी खूण द्यावी, आणि हंगाम संपल्यावर त्या वह्या रद्दीत घालू नयेत.