सेगोव्हियाचा जलसेतू

माझ्या संग्रहातलं सर्वांत लाडकं पोस्टकार्ड स्पेनमधल्या सेगोव्हियाचं आहे. करड्या छापाच्या त्या चित्रात चौकातल्या घरांच्याही वर दुमजली कमानी गेल्या आहेत आणि खाली गाढवं नि माणसं अगदी इवलीशी दिसतात.

रोमनांचा हा जलसेतू सुमारे १९०० वर्षांचा. चौकात त्याची उंची २८ मीटरच्या आसपास भरते, आणि ग्रॅनाइटचे चिरे एकमेकांवर नुसते रचलेले. चुना नाही की माती नाही. कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले असल्यामुळे वरचं ओझंच त्यांना एकमेकांत घट्ट दाबून धरतं. काही चिऱ्यांवर लहान खळगे आहेत. दगड उचलताना लोखंडी चिमटा त्यांत बसायचा. मला कमानींपेक्षाही हे खळगे प्रिय आहेत. राबणाऱ्या हातांची तेवढीच खूण उरली आहे.

पाणी डोंगरातून निव्वळ उतारावर वाहत यायचं, वाटेतल्या टाक्यांत वाळू खाली बसायची. उंच कमानी लागल्या त्या शहरालगतची दरी ओलांडायला. १९८५ मध्ये युनेस्कोने जुन्या शहरासह हा सेतू जागतिक वारसा ठरवला. पुढे कमानींखालची मोटारींची वर्दळही बंद झाली. धूर आणि हादरे त्या दगडांनी पुरेसे सोसले होते.