मांजराला गोळी देताना: चिठ्ठीतल्या चार ओळींमागचं संशोधन

समजा, तुमच्या हॉस्टेलच्या मागे राहणारी मांजरी चार दिवस शिंकते आहे. डोळे चिकटलेत, नाक वाहतंय, खाणं निम्म्यावर आलंय. तुम्ही तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेता. डॉक्टर तपासतात, डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक लिहून देतात आणि चिठ्ठीच्या तळाशी चार ओळी लिहितात:

१. माणसांचं कुठलंही औषध घरातून देऊ नका.
२. गोळीनंतर लगेच पाणी पाजा.
३. औषध नेहमीच्या जेवणात मिसळू नका. खाणं बंद झालं तर थांबू नका.
४. रोजची नोंद ठेवा, सांगितलेले दिवस पूर्ण करा.

आपण अशा सूचना वाचतो, मान डोलावतो आणि घरी येऊन त्यातल्या दोन पाळतो. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर जरा वेगळं वाचून बघा. यातली प्रत्येक ओळ हे कुणीतरी शोधलेलं उत्तर आहे. मग मूळ प्रश्न काय होता? तो कसा तपासला गेला? एकदा प्रश्न कळला, की सूचना पाठ करावी लागत नाही. ती मोडली तर नक्की काय बिघडेल हेही आपोआप कळतं.

ओळ पहिली: मांजर म्हणजे छोटा माणूस नव्हे

ताप आला की आपल्याकडे हात कुठे जातो? पॅरासिटामॉलच्या पाकिटाकडे. मांजराचं अंग गरम लागलं, की "पाव गोळी देऊ, एवढ्याशा जिवाला तेवढी पुरे" असं कुणाच्याही मनात येतं. हा विचार अगदीच बिनबुडाचा नाही, त्यात एक गणित आहे. आधी ते गणित तपासू.

६० किलोच्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम होतात. ४ किलोच्या मांजराला तीच अख्खी गोळी दिली तर किलोमागे १२५. पाव गोळी दिली तरी ३१. म्हणजे पाव गोळी हीसुद्धा माणसाच्या मात्रेच्या जवळजवळ चौपट.

"मग वजनाच्या प्रमाणात अजून कमी करू" असं म्हणाल, तर खरी मेख तिथेच आहे. किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. वजनाचं गुणोत्तर लावताना आपण एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते: दोन्ही शरीरं औषधाचा निचरा एकाच पद्धतीने करतात. मांजराच्या बाबतीत नेमकं हेच गृहीतक कोसळतं.

आपलं यकृत पॅरासिटामॉलला मुख्यतः दोन वाटांनी बाहेर काढतं. एका वाटेवर त्याला ग्लुकुरोनिक आम्लाचा रेणू जोडला जातो, दुसऱ्या वाटेवर सल्फेट. उरलेला थोडासा भाग तिसऱ्या वाटेने जातो. तिथे घातक पदार्थ तयार होतात, पण ते थोडे असतात आणि पेशीतलं ग्लुटाथिओन त्यांना निकामी करतं. मांजरात पहिली वाट जवळपास बंद. दुसरी अरुंद, चटकन भरते. मग जे काही उरतं ते सगळं तिसऱ्या वाटेने लोटतं, ग्लुटाथिओन संपतं आणि मार बसतो तो तांबड्या रक्तपेशींना. हिमोग्लोबिनचं रूपांतर मेथेमोग्लोबिनमध्ये होतं आणि ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो दवाखान्यात द्यायचा असतो आणि तिथे वेळेत पोहोचावं लागतं.

पहिली वाट बंद का, याचं उत्तर २००० साली मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट यांनी दिलं. या कामाचं एन्झाइम बनवणारं यूजीटी१ए६ हे जनुक मांजरात स्यूडोजीन झालेलं आहे. म्हणजे जनुक जागेवर आहे, पण त्यात इतके बिघाड साठलेत की त्यातून उपयोगी एन्झाइम बनत नाही. घराची पाटी शाबूत, आत कोणी राहत नाही, तसं. पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांजरकुळातल्या ज्या प्रजाती तपासल्या, त्या सगळ्यांत हे जनुक निकामी आढळलं. शिवाय तपकिरी तरस आणि नॉर्दर्न एलिफंट सील या पूर्ण मांसाहारी प्राण्यांतही.

यावरून मांडलेली कल्पना अशी: हे एन्झाइम वनस्पतींतल्या फिनॉलसारख्या रसायनांचा निचरा करायला उपयोगी पडतं. जो प्राणी पिढ्यान्‌पिढ्या फक्त मांस खातो, त्याला त्याची गरज उरत नाही. जनुकात बिघाड झाला तरी त्याचं काही अडत नाही, आणि बिघाड टिकून राहतो. इथे एक फरक वहीत लिहून ठेवा. "जनुक निकामी आहे" हे थेट पाहिलेलं आहे. "मांसाहारामुळे ते निकामी झालं" हा अनुमानाचा भाग आहे. तरस आणि सीलच्या पुराव्यामुळे तो बळकट झाला, पण जात वेगळीच राहिली. पेपर वाचताना या दोन प्रकारच्या वाक्यांखाली दोन वेगळ्या रंगांनी रेघ मारायची सवय लावा.

आणि हा प्रकार फक्त मांजरापुरता नाही. गुरांना चालणारं डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि आपल्याकडची गिधाडं संपत आली. भारतात २००६ साली त्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आणावी लागली. एका प्रजातीतला "सुरक्षित" हा शब्द दुसऱ्या प्रजातीत तसाच उचलून नेता येत नाही. म्हणूनच कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं परमेथ्रिन असलेलं औषधही मांजराला लावायचं नाही.

ओळ दुसरी: गिळली म्हणजे पोटात गेली?

मांजराने गोळी गिळली, जिभेने नाक चाटलं. आपण म्हणतो, झालं काम. पण ती गोळी आहे कुठे?

२००० साली तीन मांजरांबद्दलचा एक छोटा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉक्सिसायक्लिन घेतल्यावर त्यांच्या अन्ननलिकेला इजा झाली होती आणि पुढे ती आकसून अरुंद झाली होती. अशा मांजराला घास खाली उतरत नाही, खाल्लेलं तसंच बाहेर येतं. त्या अहवालाच्या शीर्षकातच "संशयित" अशा अर्थाचा शब्द आहे. तीन मांजरांवरून याहून मोठा दावा करता येत नाही, आणि लेखकांनी तो केला नाही.

मग २००१ साली ३० मांजरांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. गोळ्या आणि कॅप्सूल कोरड्या दिल्या, तसंच पाण्याच्या घोटाबरोबरही दिल्या, आणि त्या खाली उतरताना एक्स-रेच्या चलचित्रात पाहिल्या. कोरड्या दिलेल्यांपैकी बहुतेक पाच मिनिटांनंतरही पोटात पोहोचलेल्या नव्हत्या. पाण्याबरोबर दिलेल्या जवळपास सगळ्या एक-दोन मिनिटांत उतरल्या.

डॉक्सिसायक्लिन ओलं झालं की आम्लधर्मी आणि दाहक असतं. ते एकाच जागी अडकून बसलं तर काय होईल हे आता सांगायला नको. बघा, कुठलं महागडं उपकरण नाही की नवा रेणू नाही. सगळे जे गृहीत धरत होते, ते कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलं, बस्स.

हातात गोळी घेतल्यावर करायचं कसं? मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. त्याची पाठ तुमच्याकडे असू द्या. एका हाताने डोकं वरून गालाच्या हाडांपाशी धरा, नाक थोडं वर करा. दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडा आणि गोळी जिभेच्या मागच्या बाजूला ठेवा. तोंड मिटवून गळ्यावरून हलका हात फिरवा. मग सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने ५-६ मिलिलिटर पाणी थोडं थोडं सोडा. थेट घशात पिचकारी मारायची नाही, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. गोळी मोडायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि पाण्याऐवजी दूध? नको. टेट्रासायक्लिन गटातली औषधं दुधातल्या कॅल्शियमला धरून बसतात आणि कमी शोषली जातात. डॉक्सिसायक्लिन त्याच गटातलं.

झटापटीत मांजर चावलं किंवा त्याने ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या बाबतीत "बघू उद्या" चालत नाही.

ओळ तिसरी: मधातून चाटण का चालत नाही

लहानपणी आपल्याला कडू गोळी कुटून मधातून दिली जायची. तीच युक्ती मांजरावर करून बघाल तर फसाल. गोड चव ओळखणारा ग्राहक दोन प्रथिनं मिळून बनतो. त्यातल्या एकाचं जनुक, टीएएस१आर२, मांजरात स्यूडोजीन आहे. हे २००५ साली दाखवलं गेलं. म्हणजे मध किंवा साखर मांजराला गोड लागतच नाही. कडू मात्र चांगलं कळतं. कडू औषध जिभेला लागलं की तोंडातून फेसाळ लाळ गळू लागते. बघणारा घाबरतो, पण बऱ्याचदा ती फक्त चवीविरुद्धची तक्रार असते.

म्हणून मग औषध माशाच्या जेवणात कालवावं असं वाटतं. इथे दुसरा धोका आहे. मांजर ती चव त्या जेवणाशी जोडतं आणि पुढे ते जेवणच नाकारतं. आजारी मांजराचं नाक आधीच चोंदलेलं असतं, वास येत नाही म्हणून भूक मेलेली असते. त्यात ही भर. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः ते जाडजूड असेल, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मूळ सर्दी बाजूलाच राहते. तेव्हा औषध वेगळं आणि जेवण वेगळं. जेवण किंचित कोमट करा, वास उठतो. नाक ओल्या कापसाने पुसा. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

ओळ चौथी: "दिली" आणि "गेली"

आठ दिवसांनी डॉक्टर विचारतात, "फरक पडला का?" तुम्ही म्हणता, "नाही. औषध लागू पडलं नाही." हा निष्कर्ष काढायचा हक्क तुम्हाला आहे का? सोळापैकी तीन गोळ्या सोफ्याखाली सापडल्या असतील, तर "औषध चाललं नाही" आणि "औषध पोहोचलंच नाही" यातला फरक तुम्ही सांगू शकत नाही. डॉक्टर मात्र तुमच्या एका वाक्यावरून जास्त जहाल अँटिबायोटिक लिहू शकतात. माणसांवरच्या औषधचाचण्यांतही ज्यांना औषध नेमून दिलं ते आणि ज्यांनी ते खरोखर घेतलं ते, अशी दोन विश्लेषणं वेगळी करतात, ती याचसाठी.

म्हणून वहीत पाच रकाने आखा: वेळ, गोळी दिली, पोटात गेली की थुंकली, किती खाल्लं, वजन. त्याच वेळी लिहा, रात्री आठवून नको.

वजनाचा रकाना सोपा वाटतो, पण त्यातही गंमत आहे. ४ किलोच्या मांजराचं वजन २०० ग्रॅमने घटलं तर ते ५ टक्के झालं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो. आपण सहसा मांजराला उचलून काट्यावर उभे राहतो आणि आपलं वजन वजा करतो. काटा १०० ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर दोन मापांची चूक त्या एका वजाबाकीत एकत्र येते. जो फरक शोधायचाय, तो चुकीच्याच आकाराचा! यापेक्षा स्वयंपाकघरातल्या किंवा लहान बाळांच्या काट्यावर मांजराला डब्यात बसवून तोला. लघुत्तम माप निवडण्याचा धडा प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी उतरवलाय. तो वापरायची ही जागा.

काही गोष्टी मात्र नोंदवत बसायच्या नाहीत, थेट दवाखाना गाठायचा: तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, हिरड्यांचा रंग बदलणं, आणि बोका लघवीसाठी कुंथतोय पण थेंबही येत नाही अशी अवस्था.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विभागात जो प्रोटोकॉल वापरतात, त्यातली एक ओळ निवडा. "बर्फावर ठेवा", "दहा मिनिटं थांबा", "ताजं द्रावण वापरा", कुठलीही. मग तीन प्रश्न विचारा. ही ओळ कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? ते कुणी आणि कसं तपासलं? आणि ते ज्यावर तपासलं, ते माझ्या नमुन्यासारखंच आहे का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण पोहोचत नाहीत. पाव पॅरासिटामॉल देणारा माणूसही तिथेच अडकलेला असतो. हेतू चांगला, भागाकार बरोबर, फक्त यकृत दुसऱ्याचं.