सगळ्यांना आठवण येते, पण दुकान बंद आहे: 'नट ट्री'च्या ७५ वर्षांतून काय शिकायचं?



तुमच्या लहानपणी गावाला जाताना रस्त्यात एक ठरलेला थांबा असायचा का? चिंचेच्या झाडाखाली उसाचं गुऱ्हाळ, बाजूला एक झोपाळा, दोन-चार ससे ठेवलेला पिंजरा. वडील रस प्यायचे, आई पाय मोकळे करायची आणि आपण झोपाळ्यावरून उतरायला तयार नसायचो. आज त्याच रस्त्याने गेलात तर तिथे काहीच नसतं. गाडीतलं कुणीतरी म्हणतं, "अरे, इथे ते होतं ना?" सगळे दोन मिनिटं हळहळतात आणि गाडी पुढे जाते.

आज आपण त्या हळहळीकडे ग्राहक म्हणून नाही, तर उद्योजक म्हणून बघणार आहोत. लोकांना एवढी आवडणारी जागा बंद का पडते? लोक इतकी आठवण काढतात, मग ती पुन्हा सुरू केली तर चालेल का?

यासाठी मी अमेरिकेतलं एक उदाहरण घेतलंय, कारण त्याची सुरुवात, भरभराट, शेवट आणि पुन्हा उभं करायचा प्रयत्न, असं सगळं त्यात बघायला मिळतं. नाव 'नट ट्री'.

सुरुवात: एक झाड आणि एक स्टॉल

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोहून सॅक्रॅमेंटोला जाणाऱ्या रस्त्यावर व्हॅकाव्हिल नावाचं गाव आहे. आजूबाजूला फळबागा. तिथे रस्त्याच्या कडेला काळ्या अक्रोडाचं एक मोठं झाड होतं. सॅली फॉक्स नावाच्या मुलीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, पश्चिमेकडच्या खडतर प्रवासात उचलून आणलेल्या अक्रोडातून ते उगवलं, अशी त्याची कहाणी.

३ जुलै १९२१ रोजी हेलन आणि एड पॉवर या नवरा-बायकोने याच झाडाच्या सावलीत फळांचा स्टॉल लावला. एडला सगळे 'बनी' म्हणायचे. मोटारगाड्यांचा तो सुरुवातीचा काळ. गाड्या तापायच्या, माणसं दमायची, थांबायला सावली हवी असायची. सावली झाडाची होती आणि फळं आसपासच्या बागांतली.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. त्यांनी आधी 'आपण काय विकायचं' हा प्रश्न घेतला नाही. गाडी कुठे थांबते आणि थांबलेल्या माणसाला काय लागतं, ते बघितलं.

भरभराट: जेवण विकलं, पण आठवण दुसऱ्याच गोष्टींची राहिली

स्टॉलचं रेस्टॉरंट झालं. पुढे खेळण्यांचं दुकान आलं, मुलांसाठी छोटी आगगाडी आली. १९५० च्या दशकात तर शेजारी छोट्या विमानांसाठी धावपट्टी झाली. हौशी वैमानिक विमान उतरवायचे आणि त्याच छोट्या आगगाडीत बसून जेवायला यायचे! जेवणाच्या दालनात काचेच्या भिंतीआड रंगीबेरंगी पक्षी होते. डॉन बिरेल नावाच्या डिझायनरने अनेक वर्षं इथल्या पाट्या, मांडणी, वस्तूंची निवड असं सगळं सांभाळलं. चार्ल्स आणि रे ईम्स या नामवंत जोडीच्या खुर्च्या इथे होत्या. १९८३ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ सॅक्रॅमेंटोला आली, तेव्हा तिच्या जेवणाची व्यवस्था नट ट्रीकडे होती. झाडाखालच्या स्टॉलपासून राणीच्या ताटापर्यंत!

पण त्या काळातल्या ग्राहकांना काय आठवतं? ईम्सच्या खुर्च्या फार थोड्यांना. बहुतेकांना आठवतो टेबलावर येणारा तो छोटासा ताजा पाव. साखरेचं आयसिंग लावलेल्या मोठ्या बिस्किटांवर लिहिलेली नावं. बाहेर ठेवलेले लाकडी डोलणारे घोडे. आणि ती आगगाडी.

म्हणजे बघा, कमाई जेवणावर आणि दुकानावर, आणि मनात राहिला लाकडी घोडा. घोड्यावर बसायला मिळतं म्हणून मूल हट्ट करणार, मूल हट्ट करतं म्हणून गाडी थांबणार आणि गाडी थांबली की घरचे जेवणार. ग्राहक ठरवतो वडिलांचं पाकीट बघून असं आपण समजतो. कुटुंबाच्या सहलीत निर्णय बऱ्याचदा मागच्या सीटवरून होतो.

आपल्याकडे कृषी पर्यटन केंद्र, हुरडा पार्टी, हायवेवरचं मिसळीचं हॉटेल असलं काही करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: माझ्याकडे आलेलं आठ वर्षांचं मूल घरी जाऊन कशाबद्दल बोलेल? उत्तर 'वायफाय' असेल तर अजून विचार करा. बैलगाडीची एक फेरी, विहिरीवरची मोट, स्वतःच्या हाताने तोडलेलं कणीस. खर्च थोडा, आठवण मोठी.

शेवट: ग्राहकाला कधीच न दिसलेली भेग

१९९६ मध्ये नट ट्री बंद झालं. वय ७५ वर्षं.

का? जेवण बिघडलं म्हणून नाही. रस्ता ओस पडला म्हणूनही नाही. उलट तो रस्ता आज इंटरस्टेट ८० आहे, प्रचंड वर्दळीचा. पॉवर कुटुंबातले वाद कोर्टात गेले आणि धंद्याला कुलूप लागलं.

जो माणूस दर सुट्टीत मुलांना घेऊन तिथे जायचा, त्याला हे दिसणं शक्यच नव्हतं. पाव ताजा, घोडे रंगवलेले, आगगाडी वेळेवर. पण मालकी कुणाची, निर्णय कुणाचा, कुणाला बाहेर पडायचं असेल तर किती पैसे घेऊन, हे प्रश्न सुटले नाहीत.

आता दुसरं उदाहरण शेजारी ठेवू. दक्षिण कॅलिफोर्नियात ब्यूना पार्कला वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे जोडपं. तेही शेतकरी, त्यांचाही १९२० च्या दशकात रस्त्याकडेला बेरीचा स्टॉल. १९३४ मध्ये कॉर्डेलियाने आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत आठ जणांना कोंबडीचं जेवण वाढलं, एका ताटाला ६५ सेंट. चव पसरली, रांगा लागल्या. रांगेतली माणसं कंटाळू नयेत म्हणून वॉल्टरने १९४० पासून जुन्या खाणकाम्यांच्या गावाची प्रतिकृती उभारायला घेतली. त्यातूनच पुढे 'नॉट्स बेरी फार्म' हे मोठं थीम पार्क झालं. आई-वडील गेल्यावर मुलांनी ते चालवलं आणि १९९७ मध्ये एका मोठ्या कंपनीला विकलं. ते पार्क आजही सुरू आहे.

१९९६ आणि १९९७. दोन्ही कुटुंबं शेतातली, दोन्ही धंदे रस्त्याकडेचे, दोन्हीकडे पुढची पिढी. एकीकडे कुलूप, दुसरीकडे विक्री आणि पुढचा प्रवास. विकणं म्हणजे हरणं, असं आपल्याकडे मानतात. मी म्हणेन, पूर्वजांचा धंदा भांडून बंद करण्यापेक्षा एकमताने विकणं हा जास्त मोठा मान आहे.

पुन्हा प्रयत्न: नाव तेच, पण...

गोष्ट इथे संपत नाही. त्या जागेवर पुढे शॉपिंग प्लाझा आला आणि २००६ मध्ये 'नट ट्री' याच नावाने मुलांचं छोटं पार्क सुरू झालं. आगगाडी परत आली, घोडे परत आले. गावाला आनंद झाला. २००९ मध्ये ते पार्क बंद पडलं. मंदीचा काळ होता, ते खरंच. पण आपल्यासाठी धडा वेगळा आहे.

आठवण काढणारा आणि तिकीट काढणारा हे दोन वेगळे लोक असतात. ज्याने १९६० मध्ये त्या घोड्यावर बसून फोटो काढला, तो आता आजोबा झालाय. तो प्रेमाने एकदा येईल. धंदा चालायला नातवाला दहा वेळा यावंसं वाटलं पाहिजे, आणि नातवाला १९६० शी काही देणं-घेणं नाही.

"आमच्या आजोबांचं तालुक्यात फेमस हॉटेल होतं, तेच नाव घेऊन पुन्हा सुरू करायचंय," असं म्हणणारे मला बरेच भेटतात. कल्पना चांगली आहे. नाव पहिल्या महिन्यात गर्दी आणेल. सातव्या महिन्यात गर्दी आणेल ती आजची चव, आजची स्वच्छता आणि आजचा भाव. जुन्या नावाचा उपयोग दार उघडण्यापुरता धरा. महिन्याचा हिशोब मांडताना त्यातून हळहळणारे लोक वगळा.

आता तुमचं काम: कागद

मित्रांनो, हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण व्हिडिओ बघून विसरून जाल म्हणून मुद्दाम लिहून देतोय. दोघे भाऊ, दोन मित्र किंवा काका-पुतण्या मिळून धंदा करत असाल, तर हे चार मुद्दे या महिन्यात पूर्ण करा.

१. भागीदारी करारनामा लेखी करा. भारतीय भागीदारी कायदा १९३२, कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. 'उरलेले भागीदार धंदा पुढे चालवतील आणि वारसांना त्यांचा हिशोब देतील' हे कलम करारात हवंच. दोनच भागीदार असतील तर जास्त काळजी घ्या. भागीदारीला किमान दोन माणसं लागतात, त्यामुळे एकजण गेला की फर्म उरतच नाही. पुढे काय, ते वकिलाकडून आधीच लिहून घ्या.

२. फर्म नोंदणी करा. नोंदणी सक्तीची नाही म्हणून टाळू नका. नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क मागायला कोर्टात जाताना कलम ६९ आडवं येतं.

३. जमीन आणि धंदा वेगळे लिहा. आपल्याकडे २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं राज्य धोरण आलं आणि अनेकांनी शेतावर केंद्रं सुरू केली. पण सातबाऱ्यावर नावं चौघांची आणि केंद्र चालवतो एकटा धाकटा, असं असेल तर बाकी तिघांशी भाडं किंवा हिस्सा आजच ठरवा. धंदा चालत नसतो तोवर कुणी विचारत नाही. पार्किंग भरायला लागलं की सगळ्यांना सातबारा आठवतो.

४. बाहेर पडायचा रस्ता ठरवा. एखाद्याला निघायचं असेल तर त्याच्या हिश्श्याची किंमत कोण काढणार, पैसे किती हप्त्यांत देणार, हिस्सा आधी घरच्यांनाच विकायचा का? हे प्रेम असतानाच बोला. भांडण झाल्यावर हीच वाक्यं वकिलांच्या नोटिशीत येतात.

"आमच्यात असं काही होणार नाही हो सर," हे वाक्य मी फार ऐकतो. पॉवर कुटुंबातही स्टॉल लावला त्या दिवशी कुणाला कोर्ट आठवलं नसेल.

जाता जाता

लहानपणीच्या गुऱ्हाळाची आठवण आली तर जरूर हळहळा. त्यातून शिकाही: झोपाळा कुठे टांगला होता, रस प्यायला आपण का थांबायचो. आपल्या धंद्यात तसा एक झोपाळा नक्की टांगा. आणि त्याच संध्याकाळी घरी गेल्यावर भावाला हाक मारा, "दादा, जरा बस, कागद करून टाकू."

म्हणजे तीस वर्षांनी कुणाची तरी गाडी त्या वळणावर येईल, मागच्या सीटवरून मूल ओरडेल, "बाबा, थांबा ना!" आणि थांबायला तिथे दुकान असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!