कॉइल बदलण्यापूर्वी कॉइल तपासा

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेली. परंतु खासगी पद्मिनी आणि पेट्रोलच्या अॅम्बॅसॅडर आजही काहींनी जपून ठेवल्या आहेत. अशा गाडीची एक तक्रार गॅरेजवाल्या बांधवांना नेहमी ऐकावी लागते. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, अर्धा तास चालली की धक्के देत बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू! मग दोष कॉइलवर जातो, नवी कॉइल बसते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे. पैसा त्याचा जातो, पण नाव मिस्त्रीचे.

कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट जाड तारेतून वाहतो. पॉइंट उघडताच तो तुटतो आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट तयार होतात. तीच प्लगवरची ठिणगी.

गाडी बंद पडली त्याच वेळी तपासावे. थंड झाल्यावर कॉइल आपला ऐब लपवते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातील मधली वायर काढून, रबरी मुठीच्या पकडीने, इंजिनच्या स्वच्छ धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरावी व सेल्फ मारावा. कार्बोरेटरपासून दूर राहावे. ठिणगी निळी व कडाडणारी असेल तर कॉइल ठीक. टोपण, रोटर, प्लग किंवा पेट्रोल पाहावे. पिवळी, बारीक किंवा मुळीच नसेल तर मागे यावे.

स्विच चालू करून १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प कॉइलच्या स्विचकडील टोकाला लावावा. पेटला नाही तर दोष स्विचमध्ये किंवा वायरीत. पेटला तर पॉइंटकडील टोकाला लावून सेल्फ मारावा. तेथे तो मिचकावला पाहिजे. सतत पेटून राहिला तर पॉइंट मळलेले आहेत किंवा मिटत नाहीत. मुळीच पेटला नाही तर पॉइंटची वायर सोडावी. आता पेटला तर दोष पॉइंट-कंडेन्सरकडे. तरीही न पेटल्यास कॉइल आतून तुटली आहे. पॉइंट वारंवार जळत असतील तर आधी कंडेन्सर बदलावा.

नवी कॉइल घेताना दुकानदाराला विचारा, ही बॅलास्ट रेझिस्टरची आहे की साधी? साधीची जाड गुंडाळी सुमारे ३ ओहम दाखवते, बॅलास्टची सुमारे दीड. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली तर ४ ऐवजी ८ अँपिअर करंट ओढते. पॉइंट जळतात, कॉइलही जाते. इंजिन बंद असताना स्विच चालू ठेवण्यानेही कॉइल तापून खराब होते, हे गिऱ्हाइकाला सांगावे.

कापडाचा ताका घेताना आपण तो उलगडून पाहतो. तीच सवय येथे हवी. मालाचा ऐब लपवू नये ही दीनची शिकवण आहे. ज्या ऐबाची खात्री नाही त्याचे पैसे घेऊ नयेत, हेही त्यातच आले. ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. आपल्या शागीर्दाला ती आजच शिकवा. इन्शाअल्लाह गिऱ्हाईक टिकेल आणि रोजीत बरकत येईल.